पडावं की पळावं

पहिल्या बेसला पडू नये, हे बेसबॉलच्या मैदानावर चार दिवस काढलेल्या कुणालाही कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या बेसची गोष्ट निराळी. तिथे बेसवर थांबावं लागतं, पाऊलभर जरी पुढे गेलं तरी समोरची बाई चेंडू टेकवून बाद करते. म्हणून तिथे धूळ उडवत, घसरत जाण्यात शहाणपण असतं. पहिल्या बेसला असली काही भानगड नाही. पाय लावा आणि खुशाल पुढे निघून जा. एवढं सगळं ठाऊक असूनही बुटांच्या सोलच्या कारखान्यातली एक छत्तीस वर्षांची बाई गेल्या वर्षी अंतिम सामन्यात पहिल्या बेसपाशी सपशेल आडवी झाली आणि त्या दिवसापासून तिचं नाव घसरगुंडी पडलं.

शेवटचा डाव होता, दोन बायका बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की खेळ खलास. तिसऱ्या बेसवरची खेळाडू घराकडे, म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या बेसकडे, धावत सुटली होती. हिने पहिला बेस वेळेत गाठला असता तर ती धाव धरली गेली असती आणि कारखान्याला अकरा वर्षांनी ढाल मिळाली असती. हिचा हात बेसला लागला खरा, पण त्याआधी बेसवरच्या बाईच्या ग्लोव्हमध्ये चेंडू आपटल्याचा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. पंचांनी बादची मूठ उगारली. ती तोंडात माती घेऊन उठली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "पडणंच फास्ट असतं. दोन बोटांनी हुकलं."

वर्षभर तिने हेच लावून धरलं. जेवणाच्या सुट्टीत, यंत्रांच्या खडखडाटात, दूध आणायला जाताना कुणी विचारलं तरी हेच. "पडली तरी नाक वर," असं बायका म्हणायच्या आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा. बेस दोन पावलांवर असताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: "पड!" आणि ओरडणारी तिची थोरली नणंद होती. नणंद त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, आणि सामन्यात पहिल्या बेसच्या बाजूला उभं राहून धावणारीला सूचना द्यायचं काम तिचं. ते काम तिने नऊ वर्षं केलं होतं आणि ती त्यावर जीव टाकायची. ताईंनी चुकीचं सांगितलं असं एकदा तोंडातून गेलं असतं, की ताईंचं ते काम गेलं असतं. म्हणून हिने तोंड मिटलं आणि पडणंच बरोबर होतं असं म्हणायला लागली. पडणं बरोबर ठरलं तर ताईही बरोबर, आपणही बरोबर. आता गंमत अशी, की घसरगुंडी हे नाव ठेवलं होतं ते ताईंनीच. नणंदच त्या, वहिनीची खेचायची संधी सोडतील कशा!

नवा मोसम सुरू झाला. संघ शिकवणारे मास्तर म्हणजे कारखान्यातले निवृत्त यंत्रचालक, शब्दाला कंजूष. त्यांनी फलंदाजीचा क्रम फळ्यावर लिहिला. गेल्या वर्षी तिसरी असलेली ही नवव्या जागेवर होती.

"मास्तर, हे काय?"

"तू पुन्हा पडशील."

"पडेन. कारण ते फास्ट आहे."

"नाही."

"मोजून दाखवते! पुढच्या शनिवारपर्यंत मोजून दाखवते. आणि मी खोटी ठरले तर या मोसमात बॅटला हात लावणार नाही!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. सतरा बायकांसमोर. मास्तरांनी शांतपणे फळ्यावरचं तिचं नाव पुसून तिथे प्रश्नचिन्ह काढलं. बेसबॉल सोडला तर आठवड्यात स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. पण माघार घेणाऱ्यातली ती नव्हतीच.

मोजमाप हाच तिचा पोटापाण्याचा धंदा होता. कारखान्यात ती सोल तपासायची. ओल्या फरशीवर सोल ठेवायचा, त्यावर वजन ठेवायचं, काटा लावून ओढायचं आणि कितीला सोल सुटतो ते पाहायचं. बारा वर्षांत तिने एकही घसरणारा सोल पास केला नव्हता. एकदा मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन, "जरा बघा ना, माल आजच जायचाय," म्हटलं, तेव्हा तिने तोच सोल लावलेले बूट त्यांच्यापुढे ठेवून ओल्या फरशीवर चालून दाखवा म्हणून सांगितलं होतं. साहेब परत आले नाहीत.

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. त्याने तिथलं स्टॉपवॉच मागून आणलं. कारखान्यामागच्या मैदानात तिने बेस ठोकला आणि त्याच्या अलीकडे दहा पावलांवर चुन्याची रेघ मारली. फरक जो काय पडतो तो शेवटच्या दहा पावलांत, आधीचं अंतर कशाला मोजायचं? लांबून धावत यायचं, रेघ ओलांडली की घड्याळ सुरू, बेसला लागलं की बंद. एक फेरी पळायची, एक पडायची. रोज सकाळी कामावर जायच्या आधी दहा-दहा फेऱ्या. सामन्यासारखंच हवं म्हणून डोक्यावर हेल्मेटसुद्धा.

पहिल्या दिवशी कोपर सोलवटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही तळहात. तिसऱ्या दिवशी छातीला असा मार बसला की शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. पण नवऱ्याच्या वहीत पडायच्या फेऱ्यांचे आकडे कसे छान उतरत चालले होते! पळण्यापेक्षा पडणं प्रत्येक वेळी थोडं कमी. तिने वही हातात घेतली, पानं उलटली आणि तिची भुवई वर गेली.

"अहो, हे आकडे एकसारखे कसे? मी सातव्या फेरीला अडखळले होते."

"अं… हो का?"

"खरं सांगा."

नवरा बेसकडे बघायला लागला. "तुला लागलेलं बघवत नाही गं. म्हटलं, लवकर सिद्ध झालं तर संपेल एकदाचं."

इतका राग तिला लग्नानंतर दोनदाच आला असेल. "सोल घसरत असेल तर घसरतो असंच लिहायचं असतं! तो घालून कोणीतरी चालणार असतं!" तिने वहीची ती पानं टरकावली. तीन दिवसांचे घाव फुकट गेले. नवऱ्याचा चेहरा इतका पडला, की तिलाच नंतर वाईट वाटलं, पण घड्याळ काही तिने त्याला परत दिलं नाही.

संध्याकाळी ती नणंदेच्या दारात उभी राहिली. "ताई, उद्यापासून घड्याळ तुम्ही धरा."

"मी कशाला?"

"तुम्हाला माझी दया येत नाही."

"हे मात्र खरं," ताई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच मैदानावर हजर झाल्या. लिहायला भाऊ, घड्याळाला बहीण, आणि धुळीत घसरगुंडी.

ताईंच्या हाताखाली दोन सकाळींत वीस पळायच्या आणि वीस पडायच्या फेऱ्या झाल्या. आकडे बघायला वहीची गरजच नव्हती. घड्याळ दाबल्यावर ताईंच्या ओठांचा जो चंबू व्हायचा, त्यावरूनच तिला कळत होतं. पडणं मागे पडत होतं. फार नाही, सेकंदाचा दहावा हिस्सा, त्याहून जरा कमीच. पण तेवढ्यात धावणारी बाई हातभर पुढे जाते, आणि दोन बोटांनी हुकलेल्या सामन्याला हातभर म्हणजे खूप झालं. का ते तिला आधीच समजायला हवं होतं. झेप घेतली की पाय जमिनीवरून सुटतो, मग पुढे ढकलायला काही उरत नाही. आणि पोट मातीला लागलं की तो ब्रेकच. बारा वर्षं ती कारखान्यात हेच तर तपासत आली होती.

म्हणजे ताई चुकल्याच होत्या, असं तिच्या मनात आलं, आणि तिला फार एकटं वाटलं. आता बॅट सोडायची, तोंडही मिटलेलंच ठेवायचं.

"आणखी दहा-दहा," ती म्हणाली. तीसचा आकडा पुरा केल्याशिवाय ती कुठल्याच सोलवर शिक्का मारत नसे.

पळायच्या सहाव्या फेरीला ती रेघ ओलांडून आली. मुकाट्याने घड्याळ दाबून ताई कंटाळल्या असाव्यात. सामन्यात ओरडतात तशा त्या छाती भरून ओरडल्या, आणि घसरगुंडी हात पसरून धाडकन मातीत पडली.

"अगं, ही पळायची फेरी होती ना!" नवरा पेन्सिल उंचावून म्हणाला.

"ताईच म्हणाल्या, पड!"

"मी?" ताई म्हणाल्या. "मी म्हटलं पळ. पळ! पळणारीला पड कशाला सांगेन मी? नऊ वर्षांत कधी कुणाला पड म्हटलं नाही पहिल्या बेसला."

ती तशीच मातीत बसून राहिली. तिने हेल्मेट काढलं, कानावरची धूळ पुसली. "पुन्हा ओरडा," ती म्हणाली. ताई ओरडल्या. मग तिने हेल्मेट घातलं, पाठ फिरवली आणि पुन्हा ओरडायला सांगितलं. पळ. पड. ताईंचा तो घाईत तोडलेला ळ हेल्मेटमधून आत येताना ड होऊन येत होता.

"म्हणजे गेल्या वर्षी…" तिच्या तोंडून गेलं.

"गेल्या वर्षी काय?" ताईंनी विचारलं, आणि मग त्यांना उमगलं; हातातलं घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं. "तुला वाटलं मी पड म्हटलं? वर्षभर तुला असं वाटत होतं?"

"हो."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"तुमच्यावर आलं असतं सगळं."

पॅकिंग खात्यातलं अख्खं टेबल ताईंच्या विनोदांवर हसायचं आणि त्यातले अर्धे या बाईवर असायचे. त्या खाली धुळीत तिच्या शेजारी बसल्या, मांडी घालून, धुतलेल्या कपड्यांनिशी. "मी फार वाईट आहे गं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. घसरगुंडीला रडू येत होतं आणि हसूही. एवढं वर्षभर जे पोटात जपलं, ते मुळात घडलंच नव्हतं.

नवऱ्याला मात्र हुरूप आला. "मग झालं की! मास्तरांना सांगून टाक, ऐकण्यात घोटाळा झाला. तुझीही चूक नाही, ताईचीही नाही. मोजणीचं काही बोलूच नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मी काय म्हटलं होतं?" ती उठून उभी राहिली. "मोजून दाखवते म्हटलं होतं. ताई, पाच फेऱ्या राहिल्यात पळायच्या, पाच पडायच्या. ओरडू नका."

शनिवारी तिने फळ्यासमोर उभं राहून आकडे वाचले. तीस पळायच्या, तीस पडायच्या. "पडणं हळू आहे. मी खोटी ठरले. मी पडले नसते तर ढाल आपली होती." एवढं बोलून तिने आपली बॅट मास्तरांपुढे धरली.

मागून ताई म्हणाल्या, "मास्तर, तिला पड असं मीच ओरडले होते."

"ताई, खोटं बोलू नका," ती म्हणाली. "त्या पळ म्हणाल्या होत्या. कान माझे."

मास्तरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बॅट ठेव तुझ्याकडेच," ते म्हणाले. "रागात बोललेलं मी धरत नाही."

"मी धरते."

मास्तरांनी बॅट घेतली. मग फळ्यावरचं प्रश्नचिन्ह पुसून त्यांनी तिथे ताईंचं नाव लिहिलं, आणि ताईंच्या जागी, पहिल्या बेसपाशी, हिचं. ताईंनी बॅट हातात धरून नऊ वर्षं झाली होती. वय त्रेचाळीस आणि गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी वहिनीकडे पाहिलं आणि मास्तरांच्या हातातली बॅट घेतली.

पहिला सामना ढाल नेलेल्याच संघाशी पडला. शेवटच्या डावात बरोबरी होती, दोन बायका बाद, तिसऱ्या बेसवर एक उभी, आणि बॅट हातात घेऊन ताई. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात शेजारच्याचं बोलणंही कळत नव्हतं. ताईंनी दोन चेंडू हुकवले. तिसरा बॅटच्या टोकाला लागून सरपटत गेला आणि त्या सुटल्या.

घसरगुंडी सूचना देणारीसाठी आखलेल्या चौकटीच्या पार शेवटच्या टोकाला, बेसच्याही पुढे जाऊन उभी राहिली होती. तिने दोन्ही हात पसरले. काय ओरडायचं ते तिने आठवडाभर ठरवलं होतं. पळ नको, पड तर नकोच. ताईंची मान खाली गेली, खांदे झुकले. दमलेलं माणूस बेस दिसला की असंच झुकतं, आता झेप घेणार असं वाटावं तसं. तिकडून चेंडू निघाला होता.

"ये!" ती घसा फोडून ओरडली. "ताई, इकडे ये! ये!"

जन्मात कधी तिने ताईंना एकेरी हाक मारली नव्हती. ताईंनी मान वर केली. बेसवर पाय आपटला, चेंडू ग्लोव्हमध्ये आपटला, आणि ताई थांबायचं विसरून तशाच पुढे, पुढे, तिच्या अंगावर येऊन आदळल्या. दोघी मातीत पडल्या. पंचांनी दोन्ही हात बाजूला पसरले होते. बाद नाही, धाव धरली.

ताईंच्या तोंडात धूळ गेली होती. त्या खोकत उठल्या आणि तिचा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "काय ओरडत होतीस गं? त्या गोंधळात मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तू तिथे उभी दिसलीस, म्हणून आले."