पाटीवरची कवळी

फोनमधल्या बाईचं ऐकून कुणाच्या घराचं भलं झालंय का, असा दत्तोबांचा रोजचा सवाल होता. वडगाव निंबाळकरात त्यांचा ऊस होता, गोठ्यात चार गाई होत्या, मुलगा गोकुळ हाताशी होता. परक्याची अक्कल उसनी घ्यावी अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पण सून अनिता दुपारची भांडी आवरली की फोन भिंतीला टेकवून बसायची, आणि त्यातली एक गोड गळ्याची बाई तिला पैसे कसे वाचवायचे ते शिकवायची.

बाईचे सगळेच सल्ले काही वडगावात लागू पडत नव्हते. "बाहेरची कॉफी बंद करा," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा दत्तोबा बाजेवरून ओरडले, "त्यासाठी आदी सुरू करावी लागंल!" जुन्या कपड्यांची पायपुसणी करा, हे ऐकून तर सासूबाई, म्हणजे मुक्ताबाई, पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एक चिंधी वाया जाऊ दिली नव्हती.

पदर तोंडाला लावायला आणखीही एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मुक्ताबाईंचे उरलेसुरले दात काढावे लागले होते. कवळी बसवायची ती उसाचं बिल आल्यावर, असं तेव्हा ठरलं. बिल आलं, ठिबकच्या नळ्यांत गेलं. पुढचं आलं, गोठ्याच्या पत्र्यात गेलं. मुक्ताबाई दुधात भाकरी कुस्करून खायच्या, आणि कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माजं काय अडलंय?" भाकरी मात्र अजूनही त्याच करायच्या. पातळ, टम्म फुगलेली, खमंग पापुद्र्याची. ती बाकीचे कुडूमकुडूम खायचे आणि त्या वाढायच्या.

तर एके दिवशी अनितानं नात छकुलीची जुनी पाटी स्वयंपाकघराच्या दाराला खिळा ठोकून अडकवली.

"मामा, आजपास्नं ज्याला जे पायजे त्यानं ते पाटीवर लिवायचं," ती सासऱ्यांना म्हणाली. "लगेच घ्यायचं न्हाय. दोन आठवड्यांचे दोन बाजार जाऊ द्यायचे. तवर हौस फिटली तर ज्यानं लिवलं त्यानंच पुसायचं. दुसऱ्यानं पुसायचं न्हाय."

"आन् न्हाय फिटली तर?"

"तर मुकाट घ्यायचं. कुणी कुरकुर करायची न्हाय."

दत्तोबांनी खडू उचलला आणि सुनेची जिरवायची म्हणून सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलं: रोटाव्हेटर. शेजारच्या बांधावरच्या विजयसिंहांनी ट्रॅक्टरमागं लावून माती भुसभुशीत करणारा नवाकोरा रोटाव्हेटर आणला होता, आणि तेव्हापासून दत्तोबांना घास गोड लागत नव्हता. दुकानदाराशी बोलणंसुद्धा झालं होतं. पण पाटी म्हणाली थांब, आणि चार माणसांत स्वतःच्या हातानं लिहिलेलं, म्हणून दत्तोबा थांबले.

पहिला बाजार झाला. दुसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी ते सहज विजयसिंहांच्या वस्तीवर गेले. रोटाव्हेटर ताडपत्रीखाली होता. ताडपत्री उचलली, तर आत पात्यांच्या मधे कोंबडी अंड्यांवर बसलेली, दत्तोबांकडं रागानं बघणारी.

"वर्सातनं चार दिवस लागतोय, तात्या," विजयसिंह ओशाळून म्हणाले. "तुमाला पायजे तवा न्या की. डिझेल तेवढं घाला."

त्या संध्याकाळी दत्तोबांनी स्वतःच्या हातानं पाटीवरचा रोटाव्हेटर पुसला. मग मात्र त्यांचा नूरच पालटला. माणसानं आधी शिव्या द्याव्यात आणि मग आरती करावी, तसं त्यांचं झालं. पारावर, डेअरीत, जिथं चार टाळकी भेटतील तिथं ते सुनेचं कौतुक सांगू लागले. "आरं, आमच्या अनितानं एका खडूत माजं येड घालवलं!" आणि खोटं नव्हतं त्यात काही. गोकुळचा तिसरा मोबाइल पुसला गेला. फ्रिज मोठा हवा होता, तो पुसला गेला. छकुलीचे बूट टिकले आणि आले. पोरीनं घराला शिस्त लावली, ती भांडण न करता लावली, आणि मोठेपणा एकदाही मिरवला नाही. याचं दत्तोबांना मनापासून नवल वाटायचं.

पाटीच्या तळाशी, वाकड्या, चौथी शिकलेल्या अक्षरांत, एकदा एक शब्द उमटला होता: कवळी. बाजाराच्या आदल्या दिवशी तो गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला आणि पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा दत्तोबा जेवता जेवता सुनेला म्हणाले, "बग, तुज्या सासूचीबी हौस फिटली. नियम म्हंजी नियम!"

ताटात भाकरी वाढून अनिता आत गेली.

दत्तोबांनी समोर पाहिलं. मुक्ताबाई वाटीत भाकरीचा कुस्करा करत होत्या. बोटं सवयीनं चालली होती, नजर खाली होती. चाळीस वर्षं समोर बसणारी बाई दत्तोबांनी त्या दिवशी नीट पाहिली, आणि तोंडाकडं नेलेला घास ताटात परत ठेवला. रोटाव्हेटर आपण पुसला तो नको झाला म्हणून. मग हिला चावता येणं नको झालं?

चौथ्यांदा शब्द आला तेव्हा ते पाळतीवर राहिले. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी, अनिता गोठ्यात असताना, मुक्ताबाई आल्या. पदराचं टोक ओलं केलं आणि पाटीचा तळ पुसला. आपली उणीव लोकांना दिसू नये अशा घाईनं पुसला.

"का गं पुसलंस?" दत्तोबांनी दारातून विचारलं.

मुक्ताबाई दचकल्या. "अवो, समद्यांच्या गरजेच्या वस्तू हितं. त्यात माजं त्वांड कशाला? आन् आल्यागेल्याला दिसतंय. लाज वाटती."

"मग लिवतीस कशाला?"

मुक्ताबाईंनी पदराचं ओलं टोक पिळलं. "लिवल्यावर दोन दिस बरं वाटतंय," म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

दत्तोबा तडक गोठ्यात गेले. त्यांना स्वतःचा राग आला होता, पण तो काढायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी फोनमधल्या बाईवर काढला. "अनिता, तुजी ती बाई, जी आपलं आपणच पुसती अशा बाईसाठी काय सांगती?"

अनितानं धार थांबवली. सगळं तिच्या ध्यानात आधीच आलेलं दिसत होतं. "काय न्हाय सांगत, मामा. तिच्या घरात आत्यांसारखी सासू नसंल. मी आत्यांना तीनदा इचारलं. 'नको' म्हणत्यात. आन् नियम माजाच हाय, मी दुसऱ्याचं लिवणार कसं?"

"नियम चांगला हाय," दत्तोबा म्हणाले. "खडू वाईट हाय."

मागच्या हंगामात ट्रॉलीवर नाव रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट पडवीत होता. डब्यावरची साय काठीनं फोडली, ब्रश मिळेना म्हणून बोटच बुडवलं, आणि दत्तोबांनी पाटीच्या बरोबर मधोमध लिहिलं: कवळी. शेजारी नाव लिहिलं: मुक्ता. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर ते नाव त्यांनी कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तांबडं फुटताना मुक्ताबाई ओला पदर घेऊन आल्या. घासलं. पुन्हा घासलं. राखेनं घासलं. मागं वळल्या, तर दत्तोबा धुतलेलं धोतर नेसून उभे होते आणि त्यांचा हात कोपरापर्यंत नाही तरी मनगटापर्यंत लाल होता.

"जायाचं न्हाय ते आता," ते म्हणाले. "लुगडं बदल. बारामतीला दातांच्या डॉक्टरकडं जायाचंय. रोटाव्हेटर न्हाय घेतला, त्या पैशात दात घेऊ."

मुक्ताबाईंनी पाटीकडं पाहिलं, स्वतःच्या नावाकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला न लावता हसल्या.

मापं द्यायला, बसवायला, टोचतंय म्हणून घासून घ्यायला चार खेपा झाल्या. पाचव्या आठवड्यात मुक्ताबाईंनी भाकरीचा पापुद्रा मोडला आणि सगळ्यांसमोर कुडूम करून चावला. गोकुळ ताट बाजूला सारून आईकडं बघत राहिला तो बघतच राहिला. अनिता डोळे पुसत होती आणि म्हणत होती, धूर झालाय. चूल तेव्हा विझलेली होती.

पाटी अजून दारालाच आहे. लाल अक्षरं तशीच आहेत, खडूचं लिहिणं त्यांच्या आजूबाजूनं चालतं. परवा दत्तोबा पाणी प्यायला आत आले, तर लाल शब्दाखाली त्याच वाकड्या अक्षरांत नवं काही उमटलेलं दिसलं: फुटाणे. मला.

"मला" हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. नियमाप्रमाणं अजून दोन बाजार थांबायला हवं होतं. दत्तोबांनी तांब्या खाली ठेवला आणि मोटारसायकलला किक मारली.