चार बोटं माती

मरायच्या आदल्या दिवशी तुळसाबाई आपल्या लेकीशी गुळावरून भांडली.

फाल्गुनातलं सकाळचं ऊन अंगणात नुकतं उतरलं होतं. निंबाखालच्या खड्ड्यात पाच वर्षांची कुंदा उभी होती. मांड्यांपर्यंत रेती, वर पोलक्यातलं हडकुळं अंग, आणि मान एका खांद्यावर कललेली. जन्मापासून तिचे पाय कापसाच्या पेळूसारखे लुळे. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज आधाराने उभी करा, पायांवर भार येऊ द्या. खंड पडला तर पाय आखडतील. दवाखान्यात त्यासाठी लाकडी चौकट होती. नरखेडच्या पलीकडल्या या खेड्यात ती कुठून यावी? मग तुळसाबाईने कमरेइतका खड्डा खणला, नातीला आत उभी केली आणि भोवती नाल्याची रेती भरली. पायांनी जरा तग धरला की ती खड्ड्याच्या तळाशी चार बोटं माती टाकी, धुमसाने चोपून घट्ट करी. खड्डा तेवढा उथळ, पोर तेवढी वर. आणि माती पडली की त्या दिवशी गल्लीत घरोघरी गूळ-फुटाणे.

"शामले, ताट घे. जिजाबाईपासून सुरू कर."

"मी नाही जात, माय."

"काहून?"

"पोरगी चालली तं वाट ना गूळ. चार बोटं मातीचं कोणी बारसं करते का?"

"तू मॅट्रिक एका दिवसात झाली का वं? तू पयलीत पास झाली तवाई म्या वाटला होता."

"लोक हसतात."

"हसू दे. हसतीन त्याईचे दात दिसतीन."

कुंपणापलीकडे शेणाच्या गोवऱ्या थापता थापता जिजाबाईने कान टवकारलेलेच होते. "माये तं दिसाले उरलेच नाही वं, तुळसाबाई! असाच गूळ चारत रायली तं पोट्टी चालाच्या आंधी सारा गाव बोळका होईन."

"तुले भिजवून देतो फुटाणे. मंग तं झालं?"

दोघी हसल्या. शामला हसली नाही. नवऱ्याने पोरीचे पाय पाहून पाठ फिरवली, त्याला तीन वर्षं झाली होती. गावच्या शाळेत ती दुसरीला शिकवी, उरल्या वेळात पुस्तकात डोकं घाली. कुंदाला ती न्हाऊ घाली, भरवी, दर महिन्याला एसटीने नागपूरला नेई. पण खड्ड्याला तिने कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी ताटालाही लावला नाही. शेवटी म्हातारीच पदर खोचून निघाली आणि दोन प्रहरी रिकामं ताट घेऊन घामाघूम परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पाणी ओढताना तुळसाबाई मटकन खाली बसली. दोर हातातच होता. तिला कोणी उठवायला धावलं तोवर सगळं आटोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली. महादेवराव, शामलाच्या बापाचा थोरला भाऊ, ओसरीवर टेकला नाही. गोठ्यातून फावडं घेऊन तो थेट निंबाखाली गेला.

"मोठेबाबा, काय करता?"

"बुजवतो. मयताच्या घरी उघडा खड्डा ठेवू नाही. दुसरं मागते तो."

जिजाबाईसुद्धा म्हणाली, "ऐक बाई त्यायचं. म्हातारं माणूस हाये."

शामला घरात गेली. चटईवर कुंदा पडली होती. तीन दिवस तिच्याकडे कोणाला पाहायला फुरसत झाली नव्हती. गुडघे पोटाशी आले होते. शामलाने ते सरळ करू पाहिले तर पोर कळवळली. एवढ्यात आखडू लागले?

तिने पोरीला उचललं, अंगणात आणलं आणि सगळ्यांच्या देखत खड्ड्यात उतरवलं. गुडघ्यांवर बसून ओंजळीओंजळीने रेती आत लोटू लागली. कुंदा किंचाळत होती. तिचे हात खड्ड्याच्या काठाची माती ओरबाडत होते.

"येडी झाली का तू?" महादेवराव ओरडला. "आज तिसरा दिवस हाये! काढ तिले बाहेर!"

"नाही काढत."

"मी काई वैरी नोहो तुया. एका घरातून दोन तिरड्या काढाची ताकद माया अंगात नाही उरली, पोरी."

"खड्डा बुजवायचाच आहे, मोठेबाबा. पण चार-चार बोटांनं. माय बुजवे तसा."

त्याने फावडं रेतीच्या ढिगात खुपसलं. भरलेलं फावडं वर आलं, पोरीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलं. रेती भुरुभुरु गळत होती.

"तुले कवा गोडी होती याची? मायशी रोज भांडे तू. आज कायचा पुळका आला?"

शामलाचे हात रेतीतच थांबले. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. तिने एकवार पोरीकडे पाहिलं. कुंदाचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. पाय रेतीत सरळ झाले होते.

"नव्हती गोडी," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण कुंपणापर्यंत ऐकू गेला. "मायनं पहिल्यांदा हिले कमरेपर्यंत रेतीत उतरवलं, तवा मी त्या पायरीवर उभी होती. लहान लेकरं आपण जाळत नाही, पुरतो. मले वाटलं, अर्धी तं गेलीच. वरून अजून दहा फावडे टाकले तं सुटलो सारे. हिची माय आहे मी, मोठेबाबा, अन् मले असं वाटलं. तवापासून माया हात ना खड्ड्याले लागला, ना गुळाच्या ताटाले. माय समजे, मले लोकाची लाज वाटते. मी तिले तसंच समजू दिलं. तिले कधी सांगतलं नाही, ते तुम्हाले सांगून रायली. आता ते फावडं खाली ठेवा."