बावडीतलं हिरवं

पौर्णिमानं चपला वरच काढल्या आणि ती बावडीच्या पायऱ्या उतरायला लागली. एका हातात भिंग, दुसऱ्यात मोबाइल, खांदा भिंतीला घासत. पायऱ्या निसरड्या होत्या. पाऊस जाऊन महिना झाला, मग हे ओलं कशानं?

वरून गुलाबकाकूनं आवाज दिला, "काऊन व पोर्णिमे, आंघोळीले उतरली का? तुया बापानं आमाले तं कपडे धुवायचीबी बंदी केली हाय."

"मंग धुवा ना घरी!" ती खेकसली.

पोळ्याच्या सुमारास याच भिंतीवरून तिनं नखाएवढं हिरवं खरवडून नेलं होतं. दगडाला चिकटलेलं, चपटं, ना खोड ना पान. लिव्हरवर्ट, शेवाळाच्या जातकुळीतलं. आपल्या भागात असलं कुणी नोंदवलेलं नाही, असं कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या. डीएनए काढू, मग कळेल कोणाच्या नात्यातलं. ज्यांची अक्षरं जास्त जुळतात ते जवळचे, एवढा साधा हिशेब. तिच्या बापानं, भैयाजीनं, ते दसऱ्याला विहारात माइकवर सांगूनही टाकलं. येत्या सोमवारी नागपूरच्या परिषदेत तिला हेच वाचायचं होतं.

आणि काल निकाल आला. संगणकानं काढलेल्या वंशवृक्षात बाकीचे सगळे लिव्हरवर्ट एका फांदीवर गोळा झालेले. तिचा नमुना मात्र दूर, नेच्यांमध्ये, म्हणजे फर्नमध्ये, हंसराजाला खेटून बसलेला. हंसराज, जो कुठल्याही विहिरीत उगवतो.

"हंसराजाचा कण नमुन्यात मिसळला असेल तर वाचलो," मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या. "नवा नमुना आण. पण तसं नसेल तर..."

पुढचं पौर्णिमाला ठाऊक होतं. हंसराज कोवळा असताना असाच दिसतो, चपटा, हिरवा, बिनपानाचा. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात चित्र आहे.

खालच्या टप्प्यावर भैयाजी उकिडवा बसला होता. भिंतीपाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण, वर गोणपाटाची सावली. गडव्यात बोटं बुडवून तो भिंतीवर पाणी शिंपडत होता.

"बाबा, तुमी पाणी टाकता याच्यावर?"

"मंग? पाऊस गेला अन् सुकून राह्यलं होतं बिचारं. रोज येतो मी. पोरायले इकडं फिरकू देत नाई." त्यानं गोणपाट बाजूला केलं. "तुले सांगणारच होतो. पाय, काय झालं थे!"

भिंग लावायची गरजच पडली नाही. चपट्या हिरव्याच्या खाचेतून केसासारखा काळा देठ वर आला होता. टोकाला पंख्यासारखं इवलंसं पान, हंसराजाचं असतं तसंच.

"तुया झाडाले पान फुटलं, माय," भैयाजी हसला. "सांगजो मॅडमले, बापानं जगवलं म्हणा."

पौर्णिमाचं नख आपोआप देठापाशी गेलं. हे पान नाहीसं झालं, तर 'मिसळ झाली असेल' असं सोमवारी म्हणता येणार होतं. बाजूला बिनपानाचं हिरवं भरपूर होतं. एक चिमटा, बस.

"तोडून राह्यली का?" भैयाजीनं तिचं मनगट धरलं. "नोको व. लय जपलं मी."

तिनं हात मागे घेतला. मग ओढणीनं मोबाइल पुसला.

"बाबा, बोट ठेवा ना जरा पानाजवळ. केवढं हाय थे दिसलं पाह्यजे मॅडमले."

"माहं बोट? फोटोत?" त्यानं बोट सदऱ्याला कोरडं पुसलं आणि पानाच्या बाजूला धरलं, पानाला लागणार नाही अशा बेतानं.

पहिला फोटो हलला. दुसरा नीट आला. काळा देठही स्पष्ट दिसत होता. तिनं मॅडमचं नाव काढलं, अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"पेपरात येईन का व हे?" भैयाजीनं मान न वळवता विचारलं.

फोटो गेला होता.

"हलू नका, बाबा," पौर्णिमा म्हणाली, आणि मोबाइल तसाच डोळ्यांसमोर धरून राहिली.