आत्याच्या गाडीतली ठकठक

आत्याने बत्तीस वर्षं रुग्णवाहिका चालवली आणि त्या काळात रस्त्यावरच्या एकूण एक माणसाला शिव्या घातल्या. मागे झोपलेल्या पेशंटला तेवढं वगळलं, तेही तो शुद्धीवर असेल तर. निवृत्तीनंतर रुग्णवाहिका गेली, शिव्या राहिल्या. शिवाय एक छोटी निळी गाडी राहिली, जिच्या स्टिअरिंगमध्ये महिनाभर काहीतरी ठकठकत होतं.

ही ठकठक आत्या सोडून कुणालाच ऐकू येत नव्हती. भाच्याने दोनदा शेजारी बसून कान टवकारले, पण दोन्ही वेळा आत्या बोलत होती. दोन मेकॅनिकांनी गाडी बघून हात झटकले. मग भाच्याने मनात बरेच दिवस घोळत असलेलं बोलून टाकलं: आत्या बहात्तरची झाली, तिला नसलेले आवाज ऐकू येतायत, आता गाडी पुरे. हे त्याने फोनवर सांगितलं. समोर सांगायची त्याची छाती नव्हती.

"ठीक आहे," आत्या म्हणाली. "तिसरा मेकॅनिक शेवटचा. त्याला ठकठक सापडली नाही तर किल्ली तुझी. सापडली तर या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

म्हणून शनिवारी सकाळी दोघं तिसऱ्या गॅरेजात उभी होती. मेकॅनिक गोलमटोल, गोड बोलणारा. त्याचे कपडे इतके स्वच्छ होते की आत्याला तिथेच संशय आला. त्याने आधी गाडीला कॉम्प्युटर लावला.

"मावशी, एकही एरर नाही."

"अरे, मी काय कॉम्प्युटर दुखतोय म्हणून आलेय?"

त्याने गाडी लिफ्टवर चढवली, लोंबकळणारी चाकं एकेक करून हलवली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज नाही. भाच्याला आतून गुदगुल्या झाल्या. मग थोडी लाज वाटली, पण गुदगुल्या जास्त होत्या.

"हवेत कसं वाजेल?" आत्या कडाडली. "गुडघेदुखीचा माणूस पलंगावर आडवा असताना ओरडतो का? उभा कर, मग बघ कसा बोंबलतो. गाडी खाली घे. आणि त्या फळ्यांखाली काय आहे?"

फळ्यांखाली गाडीच्या पोटाशी उभं राहून काम करायचा जुना खड्डा होता. लिफ्ट आल्यापासून त्यात टायर आणि रिकामी खोकी पडली होती. तो उपसण्यात अर्धा तास गेला आणि भाच्याचा ऑफिसचा शर्टही गेला. मग गाडी ढकलत खड्ड्यावर आणली, चारही चाकं जमिनीवर. मेकॅनिक आत उतरायला गेला तो पोटापाशी अडकला. त्याला ओढून काढल्यावर दोघांनीही भाच्याकडे पाहिलं.

"आमच्या डेपोत असंच शोधायचे," आत्या स्टिअरिंगमागे बसत म्हणाली. "एकाने स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जिथे ठोका हाताला लागेल तिथे रोग."

ती स्टिअरिंग जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे हलवू लागली. मेकॅनिक वरून टॉर्च धरून खड्ड्यात उतरलेल्या भाच्याला सांगत होता. "रॉडवर नको, सांध्यावर धरा. चाकाजवळचा आधी." काही नाही. दुसऱ्या बाजूचा. काही नाही. "आता आतला. त्याच्यावर रबराचं टोपण आहे ना, त्याच्यावरून धरा."

ठक.

ठोका भाच्याच्या तळहाताला लागला आणि कोपरापर्यंत गेला. पुन्हा, ठक. हे फक्त त्याच्या हाताला कळलं होतं. गप्प बसला असता तर किल्ली त्याची होती, आणि तो दोन ठोके गप्प बसलाही.

"आहे!" तो एकदम ओरडला. "आहे गं आत्या!" आणि आपल्याला एवढा आनंद का झाला, हे त्याचं त्यालाच कळेना.

आत्या गाडीतून उतरली ती डोक्यावर मुकुट असल्यासारखी. "महिनाभर मला खुळी ठरवत होतात, मेल्यांनो!"

मेकॅनिकने तो टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा, काढून टेबलावर ठेवला आणि बोटाने गडगडवला. रॉड सरळ गेला नाही, उड्या मारत गेला.

"हा झिजलेला नाही, वाकलाय. चाक कुठेतरी जोरात आपटलंय," म्हणत त्याने चाकाच्या खरचटलेल्या कडेकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि घाईघाईने छताकडे.

"रस्त्यावरच्या खड्ड्यातून गेली असेल," भाचा म्हणाला.

"हो हो, खड्डाच असणार," मेकॅनिक म्हणाला.

आत्याने रॉड उचलून डोळ्यांजवळ धरला.

"खड्डा नाही, फुटपाथ," ती म्हणाली. "बँकेच्या वळणावर चढले त्याच्यावर. दिसलाच नाही मला."

"संध्याकाळची वेळ असेल—"

"भर दुपारी. त्याच्यावर कुणी उभं नव्हतं. मी उतरून बघितलं. दोनदा बघितलं."

भाचा मूर्खासारखं म्हणाला, "ठरल्याप्रमाणे किल्ली तुझीच, आत्या."

"माझीच आहे." तिने किल्ली मेकॅनिकच्या हातात कोंबली. "रॉड बदल आणि गाडी इथेच ठेव. डोळ्यांचा डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी मागायला आले तरी द्यायची नाही. मी आरडाओरडा करेन, तुझ्या आईचाही उद्धार करेन. तरी नाही."

"बरं, मावशी," मेकॅनिक कसाबसा म्हणाला.

"चल रे, डॉक्टर दुपारी बंद होतो." ती ताडताड दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. खाली बघत, एक पाय किंचित पुढे धरून उभी राहिली. भाचा धावत जाऊन हात पुढे करू लागला.

"हात नको," आत्या म्हणाली. "पायरी किती खोल आहे, तेवढं तोंडाने सांग."