दोघांतला कमी तापणारा

मी प्रोसेसर बोलतोय. बिस्किटाएवढा, चपटा, चौकोनी. लोक मला संगणकाचा मेंदू म्हणतात, पण तो मान माझा नाही. सांगितलेलं काम पटापट उरकणारा गडी आहे मी.

सिलिकॉनच्या चकतीवर माझा जन्म झाला. सोबत शेकडो भावंडं होती. तपासणीत नापास झालेली तिथेच टाकून दिली गेली. मी पास झालो, पण वरच्या वर्गात नाही. म्हणून स्वस्तातल्या खोक्यात पडलो आणि एका दुकानाच्या काउंटरवर आलो. शेजारी माझ्यासारखाच दुसरा होता, माझ्याहून किंचित वेगवान आणि किंचित तापट.

"दोघांत एकोणीस-वीसचाच फरक," दुकानदार म्हणाला.

समोर एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते. बाईचा नवरा पोहण्याचा प्रशिक्षक. सगळे त्याला सर म्हणत. तलावाच्या या टोकाहून मारलेली त्यांची हाक त्या टोकाला पाण्याखालीही ऐकू जाई म्हणे. मग मज्जातंतूंचा आजार झाला. हात गेले, पाय गेले, शेवटी आवाज गेला. उरले डोळे. पडद्यावरच्या अक्षरांकडे बघायचं, कॅमेरा नजर टिपणार, संगणक वाक्य बोलून दाखवणार. पण जुना संगणक इतका रेंगाळायचा, की सरांचं उत्तर येईपर्यंत घरातला विषयच बदललेला असे.

"ताई, वेगवान घे ना," भाऊ म्हणाला.

"ह्यांना विचारते."

"दाजींना काय फरक पडणार आहे?"

बाईने घरी मुलीला फोन लावला, दोघांतला फरक सरांना ऐकवला आणि फोन काउंटरवर ठेवून दिला. बराच वेळ नुसती खरखर. दुकानदाराने दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली. मग फोनमधून यंत्राचा सपाट आवाज आला, "कमी तापणारा घे. पंख्याचा आवाज नको. घरातलं ऐकू आलं पाहिजे."

असा मी त्या घरात गेलो.

पहिल्या आठवड्यात सर बायकोशी भांडले. भाजीत मीठ नाही, खिडकी उघडी का, डॉक्टरांना मला न विचारता फोन का केलास. तीही तोडीस तोड बोलली. मग स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसत हसली. कित्येक महिन्यांत नवऱ्याने तिला वेळेवर उलट उत्तर दिलं नव्हतं.

पुढचा शब्द ओळखून सुचवणं हेही माझं काम. त्यांनी 'पा' लिहिलं की मी 'पाणी' पुढे करायचो. मला त्याचा अभिमान वाटायचा.

पुढे श्वास कमी पडू लागला. डॉक्टरीणबाई घरी आल्या. खुर्ची सरांच्या अगदी जवळ ओढून म्हणाल्या, "घशाला छिद्र पाडून नळी घालता येईल. यंत्र श्वास देईल. काही वर्षं मिळतीलही. निर्णय तुमचा."

"नळी नको," मी सरांच्या वतीने बोललो.

ताईचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, ताडकन उठला. "हे दाजी नाहीत बोलत. शब्द मशीन सुचवतं, नजर चुकून पडते. त्याच्या भरवशावर माणूस सोडायचा का?"

भावाचं खरं असावं, असंच ताईलाही वाटत होतं.

सरांनी मुलीला माझं शब्द सुचवणं बंद करायला सांगितलं. तिने ते बंद केलं. मग त्यांनी एकेक अक्षर घेतलं. न. ळी. पुढचं मला कळत होतं, पण तोंड उघडायची बंदी होती. सरांच्या डोळ्यांत पाणी भरलं, कॅमेऱ्याला नजर दिसेना. मुलीने रुमालाने टिपलं.

"अहो, पुरे. कळलं मला," ताई म्हणाली.

ते थांबले नाहीत. 'नळी नको. मीच म्हणतोय. थकलोय गं.'

मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्यानंतर सर फार दिवस राहिले नाहीत. श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषध सुरू होतं. एका दुपारी ताईच्या हातात हात असताना ते गेले. कॅमेरा मात्र शोधत राहिला. 'नजर सापडत नाही,' अशी ओळ पडद्यावर उमटली आणि तशीच राहिली. मुलीने उठून पडद्यावर टॉवेल टाकला.

आता ती माझ्यावर घरांचे नकाशे काढायला शिकते. कॅमेरा काढून डब्यात ठेवलाय.

परवा मामा आला होता. चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "समोरच होतो मी. तरी रोज वाटतं, आणखी एकदा विचारायला हवं होतं."

"मलाही," ताई म्हणाली.

वीज गेली की माझ्यात काहीच उरत नाही, या दोघांचं मात्र उरतं. तुमच्या घरात कुणी सावकाश बोलत असेल, तर एवढंच करा. त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या, ते ऐकणं सोसणार नाही असं वाटत असलं तरी.