दहा बॅगा आणि माझी मागे सरलेली सुई

मित्रांनो, पातूरच्या बाजारात किसनरावांच्या भाजीच्या दुकानात वर आडव्या पाइपाला जो लोंबकळताना दिसतो ना, तोच मी. मी एक जुना काटा आहे. घड्याळासारखं गोल तोंड, खाली लोखंडी आकडा, आणि पन्नास किलोपर्यंत कुरकुर न करणारी स्प्रिंग. खाली टेबलावर एक इलेक्ट्रॉनिक काटा येऊन बसलाय. लाल आकडे दाखवतो आणि लाइट गेली की तोंड मिटतो. पाव-अर्धा किलोची कामं त्याची. जड ओझं आलं की अजूनही माझ्याचकडे बघतात.

किसनरावांनी मला अकोल्याहून आणलं ते त्यांची मुलगी प्रणाली जन्मली त्या वर्षी. आणल्या दिवशी तिलाच झोळीत घालून माझ्यावर तोललं. पुढे वांगी, टमाटे, झेंडूची फुलं असं काय काय मी पेललं! माल कॅरेटमध्ये भरून यायचा आणि रिकामं कॅरेटच दोन किलोचं. ते दर वेळी वजा कोण करणार? म्हणून किसनरावांनी माझ्या डोक्यावरचा स्क्रू पिळून सुई शून्याच्या अडीच किलो मागे नेली. दोन किलो कॅरेटचे, अर्धा किलो गिऱ्हाइकाला वरचा. "देल्लं तं हात भरून द्यावं," असं ते म्हणायचे. लोक माझं फार कौतुक करायचे. हळूहळू माझ्या तोंडावरचं शून्य धुळीनं आणि बोटांच्या डागांनी झाकून गेलं. सुई मागे आहे हे घरात कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

आता प्रणाली अकोल्याला मातीचं शास्त्र शिकते. यंदा तिच्या वर्गातल्या दहा जणांना केनियाला जायची संधी आली. तिथेही आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती आहे म्हणे. पंधरा दिवस रानात राहून तिचा अभ्यास करायचा. सरांनी सांगितलं, की बेत तुम्हीच आखा आणि खर्चही तुम्हीच बसवा. पोरांनी ते काम प्रणालीच्या गळ्यात टाकलं.

दर रविवारी ती दुकानात माझ्या खालीच वही घेऊन बसायची. पहिला अंदाज आला माणशी एक लाख चाळीस हजार. पण त्या दहांतल्या नांदगाव खंडेश्वरच्या गजेंद्रकडे संत्र्याच्या पिकाचे पंचाण्णव हजार होते आणि त्यावर एक रुपयाही नव्हता. कुणी मदतीचं बोललं की तो उठून जायचा. प्रणालीनं ठरवलं, गजेंद्रला झेपेल तोच खर्च. जातील तर दहा, नाहीतर कुणीच नाही.

मग तिनं कात्री लावली. हॉटेल काढून तंबू घेतले. तिकिटं चार महिने आधी काढली. जेवणाचा खर्च मात्र हटता हटेना. शेवटी आशाबाई, म्हणजे तिची आई, म्हणाल्या, "पीठ, चटण्या, भाजलेलं सारं घरून न्या ना. रांधासाठी हात नाईत का तुमाले?" प्रणालीनं तिकडचे नियम वाचून काढले, काय चालतं काय नाही त्याची यादी केली, आणि आकडा बसला चौऱ्याण्णव हजार सहाशे! पोरगी एवढी खूश झाली की वही घेऊन नाचली.

एकच अट होती. विमानात माणशी तेवीस किलो. बॅग त्याच्यावर गेली की साडेचार हजार दंड.

निघायच्या दिवशी सकाळी दहाही जण दुकानात जमले. एकेक बॅग माझ्या आकड्याला लागली. पहिली तेवीस. दुसरी तेवीस. कमी भरली की पोरं चटणीची पुडी सरकवत आणि बरोबर तेवीस करत. मित्रांनो, माझा जीव खालीवर होत होता! प्रत्येक बॅग साडेपंचवीस किलोची होती. बॅगांना कुठलं आलंय कॅरेट? पण मला कोण विचारणार? सगळे नुसती सुई बघत होते.

आशाबाईंनी एक बॅग उचलून बाजूला ठेवली आणि थबकल्या. वीस वर्षं वीस किलोची कॅरेटं वाहिलेला हात तो. "हे तेवीस नोय, बापा. माया हाताले जड लागून राहिलं."

"आई, काट्यापक्षा तुया हात मोठा का?" प्रणाली हसली.

किसनरावही म्हणाले, "काटा कदी खोटं बोलला का आपला?"

आशाबाई चिडल्या. "तूच शिकून आली न व शास्त्र? मंग पाय ना नीट!"

प्रणालीचं हसू मावळलं. मोजण्याआधी शून्य बघायचं, हा तर तिच्या कॉलेजातला पहिला धडा. तिनं बॅग काढली आणि फडक्यानं माझं तोंड पुसलं. सुई शून्याच्या मागे उभी होती. किसनरावांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! हा तं कॅरेटचा काटा हाय!"

पीठ-चटण्या काढाव्या तर पंधरा दिवस खायचं काय? आणि नाही काढल्या तर दहा बॅगांचे पंचेचाळीस हजार कुठून आणायचे? गजेंद्रनं आपली बॅग ओढून दाराशी नेली. "मी राहतो. तुमी जा," एवढंच म्हणाला. प्रणालीच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. "सहा महिने हिशोब केला अन् चूक माया घरातच निंगाली," ती म्हणाली. मला इतकी लाज वाटली की माझी स्प्रिंग तुटली असती तर बरं झालं असतं.

आशाबाई मात्र खाली बसून बॅगा उघडत होत्या. "हे काय व?"

"गिरमिट," प्रणाली म्हणाली. "जमिनीत फिरवून खालची माती काढतात. चार चार किलोचं हाय."

"अन् दहा कायले? दहा खड्डे एकाच येळी खोदता का? आमी दहा बाया वावरात जातो तं पान्याची कळशी एकच नेतो."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कॉलेजनं दहा दिली म्हणून दहा घेतली होती! तीन गिरमिटं पुरणार होती. सात बाहेर निघाली, म्हणजे अठ्ठावीस किलो. किसनरावांनी माझी सुई शून्यावर आणली, सामान पुन्हा वाटलं, आणि दहाही बॅगा तेवीसच्या आत बसल्या. आशाबाईंनी दाराशी जाऊन गजेंद्रची बॅग स्वतः भाजीच्या गाडीत टाकली. "बस आता. लय झाला तुया रुसवा."

आठवड्यानं फोन आला तो गजेंद्रचाच. "काकू, इकडे पाऊस झाला. माती आपल्यासारखीच चिकटते, चप्पल उचलत नाई!"

"मंग चप्पल हातात घे अन् चाल!" आशाबाई ओरडल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. मला रिकामं असताना कुणी पाहिलंच नव्हतं. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला भंगारात द्यायची घाई करू नका, पण डोळे झाकून तिच्यावर विसंबूही नका. तिचं तोंड अधूनमधून पुसत जा. आणि आई म्हणाली जड आहे, तर हसण्याआधी एकदा उचलून बघा.