शिणाला मीठ

हिराई धायगुडेचा पहिला शीण अठराव्या किलोमीटरला बाहेर पडला. येवती घाटाच्या तिसऱ्या वळणावर तिच्या घशात काहीतरी गिळगिळीत सरकलं, ती वाकली, आणि तो तोंडातून डांबरावर पडला. उंदराच्या पिल्लाएवढा. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडी इतकी पातळ की आतलं निळं दिसत होतं. सकाळच्या गारठ्यात त्याच्या अंगातून वाफ निघत होती.

निकम सर मोटरसायकलवर मागून येतच होते. त्यांनी गाडी थांबवली, पण बंद केली नाही.

"आला?"

"हो सर."

"लवकर आला. विसाव्या किलोमीटरनंतर येतो बहुतेकींचा. उचल, गिळ."

हिराईने त्यांच्याकडे पाहिलं. सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"चावायचा नाही," ते म्हणाले. "चावला की मन मऊ पडतं. सरळ गिळायचा आणि पळायचं. मन घट्ट करायचं म्हणजे एवढंच असतं, बाकीची सगळी भाषणं."

हिराई धनगराची लेक. मेंढी विताना तिने पाच वर्षांची असल्यापासून पाहिलं होतं, कोकरांच्या नाकावरचा चिकटा बोटांनी काढला होता, आणि त्याच हातांनी भाकरी मोडून खाल्ली होती. किळस म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी ठाऊक झालं. शीण तिच्या तळहातावर धुकधुकत होता. तिने डोळे मिटून तो तोंडात टाकला. चव ओल्या लोकरीची आणि विटलेल्या ताकाची. उतरताना त्याचे पाय घशात अडकले, मग सुटले. खाली पोचल्यावर, बसण्याआधी कुत्रं स्वतःभोवती फिरतं तसा तो एकदा गोल फिरला आणि निजला.

आणि तिचे पाय हलके झाले. सगळ्यात वाईट ते होतं. उरलेले सहा किलोमीटर ती कधी नव्हे इतकी पळाली.

डिसेंबरात निवडीची शर्यत होती. बेचाळीस किलोमीटर. पहिल्या तिघींना मोठ्या शिबिरात जागा, आणि त्या जागेमागोमाग नोकरी, नोकरीमागोमाग दोन खोल्या. हिराईला त्या दोन खोल्यांचं दारच तेवढं हवं होतं. तिची आई, ठकूबाई, वर्षातले आठ महिने दिराच्या मेंढरांमागे चालायची. दिवाळी झाली की माणदेशातून घाट उतरून कोकणात, उन्हाळा सरला की परत. गुडघे नारळाएवढे झाले होते. आईने एका जागी बसावं, पुढ्यात एक दार असावं, त्याला आतून कडी असावी, आणि ती आईच्या हाताने लागावी. दुसरं काही तिने देवाकडे मागितलं नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी निकम सरांचं शिबिर होतं. अकरा मुली, एक लांबट इमारत, पुढे पडवी. पहाटे भिजवलेले हरभरे आणि केळं, मग घाट. परत आल्या की पडवीत ओळीने बसायचं आणि सर बॅटरी घेऊन फिरायचे.

"आ कर."

दातांत काही अडकलंय का, जिभेखाली कुणी दाबून ठेवलाय का, ते बघायचे. दुर्गा खोमणेने एकदा आपला शीण गटारात थुंकला. तिला त्याच दुपारी एसटीत बसवून दिलं. तिचा शीण गटारातून निघून एसटीमागे पळत गेला, फाट्यापर्यंत तरी सगळ्यांनी बघितला.

सरांचे हातपाय काटकुळे होते, पण ट्रॅकसूटखाली पोट हलायचं. एका बाजूने कोपर आल्यासारखं वर यायचं, फिरायचं, जायचं. जेवताना मुली दुसरीकडे बघायच्या.

"एकोणतीस वर्षांचे आहेत," सर पोटावर हात ठेवून म्हणायचे. "एकही सांडलेला नाही."

"सर, ते जेवतात का?" शेजारच्या खाटेवरच्या फरजाना मुलाणीने एकदा विचारलं.

"मी जेवतो ते कुणासाठी मग?" सर म्हणाले आणि त्यांनी सहावी पोळी घेतली.

फरजाना जिभेने तिखट. रोज परत आल्यावर ती विचारायची, "काय गं, आज कसा होता?"

"कानासकट."

"माझ्याला नखं होती. घशातच अडकून बसला मेला! शेवटी हरभरे टाकले वरून, तेव्हा गेला."

दोघी हसायच्या, आणि हसता हसता दोघींच्या पोटातून आणखी कुणीकुणी हसायचं.

दिवाळीपर्यंत शीण रोज येऊ लागला, लांब पल्ल्याच्या दिवशी दोनदा. मांजराच्या पिल्लाएवढा, मग कुत्र्याच्या पिल्लाएवढा. हिराई सात भाकऱ्या खायची आणि गालफडं आणखी आत जायची. वजनाचा काटा मात्र चढत होता, त्रेचाळिसावरून अठ्ठावन्नावर. पाणी प्यायलं की आतली सगळी तोंडं एकदम चुटूचुटू प्यायची आणि तिचा घसा कोरडाच राहायचा. तिच्या पांघरुणाला, टॉवेलला, वेणीला आतला वास येऊ लागला. साबणाने जात नव्हता. तिने साबण थोडा खाऊनही पाहिला.

एका सकाळी जो आला त्याला डोळे होते आणि ते उघडे होते. डाव्या डोळ्याखाली तीळ होता.

"तुझ्यासारखा दिसतो गं," फरजाना धापा टाकत म्हणाली. तिचा स्वतःचा शीण तिच्या हातात होता, तो तिने पाठीमागे धरला.

"गप."

"नाक पण तुझंच."

"गप बस ना गं, बाई."

हिराईने दोन्ही हातांनी तो उचलला. तो तिच्याकडे बघत होता, ओळखीचं माणूस बघतं तसा. तिने त्याचे डोळे अंगठ्याने मिटले, मेलेल्याचे मिटतात तसे, आणि मग गिळला.

कार्तिकात मेंढरं घाट उतरली. शिबिराच्या कुंपणापाशी ठकूबाईने बिऱ्हाडाचं घोडं उभं केलं. हिराई धावत गेली. पुढची मेंढी तिच्या पायाशी आली, तिने हुंगलं, आणि ती मागे सरली. मग सगळा कळप मागे सरला. लहानपणापासून तिच्या कुशीत झोपलेला कुत्रा दात दाखवून गुरगुरला.

"इकडं ये," ठकूबाई म्हणाली.

तिने लेकीला पाठमोरी केली आणि पाठीवर पंजा ठेवला, गाभण मेंढीच्या कुशीवर ठेवतात तसा. बराच वेळ ती ओठांतल्या ओठांत मोजत होती.

"एक्काहत्तर हायती," ती म्हणाली. "एक आडवा हाय."

"आई, सगळ्याच गिळतात."

"आपल्यात न्हाई गिळत." ठकूबाईच्या आवाजात राग नव्हता. "तुला दावलं न्हवतं व्हय? मुक्काम पडला की शीण वाटंच्या कडंला काढून ठेवायचा. बुडाला चपटा दगूड. त्याच्याफुडं चिमूटभर मीठ. रातभर चाटत बसतो, दिस उगवंस्तवर मातीत जिरतो. दगडाला जीभ लागल्याली तेवढी दिसती." आणि ती, चुलीपाशी बसल्यावर गुणगुणायची तसं, गुणगुणली:

शीण ठेविला गं बाई, वाटंच्या कडंला
मीठ दिलं चाटायाला, नगं येऊ बिऱ्हाडाला

ओवी ऐकली आणि हिराईच्या पोटातले सगळे निपचित झाले. लहानपणी तीही अशीच निपचित व्हायची. तोवर ठकूबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली होती आणि पायाने एक दगड सरळ केला होता.

"वाक. एकेक काडू."

हिराईच्या तोंडाला पाणी सुटलं. मिठाच्या वासाने आतले वर चढू लागले. तिने हाताने तोंड दाबलं.

"नको आई. ठेवून गेलं की पाय जड होतात. सर म्हणतात."

"आमी एवढा मुलूख चालतो ते काय हवंतनं व्हय?"

"तुम्ही पहिलं यायला चालत नाही."

ठकूबाईने कळपाकडे पाहिलं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती.

"व्हय," ती म्हणाली. "मेंढरांत कोण पयलं येत न्हाई."

"शर्यत होऊ दे. मग एकदम काढू सगळे. शेवटचीच आहे ही."

"शेवटची म्हून सांगणारं मानूस लई चालतं, पोरी." तिने पुरचुंडी बांधली. "कुटं सरती ती शर्यत?"

"इथंच. फाट्यावर."

"येते मी. दगूड बगून ठिवते."

निवडीच्या सकाळी सदतीस मुली सुटल्या. हिराई सावकाश निघाली, सरांनी सांगितलं होतं तशी. अठराव्याला एक आला, गिळला. पंचविसाव्याला एक आला, त्याला तिचेच दुधाचे दात होते, गिळला. एकतिसाव्याला आला तो कोकराएवढा. त्याला लाल रिबिनीची वेणी होती, पाचवीत असताना ती घालायची तशी. तिचा जबडा कटकन निसटला, वेणी शेवटपर्यंत ओठांवर लोळत राहिली, मग शेवईसारखी ओढली गेली. रस्त्याकडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओकलं.

चाळिसाव्याला ती तिसरी होती. लगेच मागे एक कोल्हापूरची मुलगी, तिची पावलं ऐकू येत होती. सरांची मोटरसायकल शेजारी आली.

"तिसरी आहेस," सर म्हणाले. "मन घट्ट."

फाटा दिसला. रस्त्याकडेच्या दोरीमागे माणसं होती, आणि दोरीमागेच, माणसांच्या थोडं अलीकडे, एकटी, ठकूबाई उभी होती. तिच्या पायाशी चपटा दगड होता, धुऊन ठेवलेला. उजवी मूठ मिटलेली. हिराईला तिचे गुडघे दिसले. तिला ते दार दिसलं, कडी दिसली.

तेवढ्यात घशात सरकलं.

ती वाकली. या वेळी काही वर आलं नाही, सगळं खाली गेलं. आधी अंधार झाला, मग तो अंधार ओला झाला, मग तिच्या दोन्ही बाजूंना दात लागले, आणि ती डांबरावर पडली.

डांबर थंड होतं. अंगावर कातडी असून नसल्यासारखी होती, वारा थेट आतल्या निळ्याला लागत होता. समोर दोन बूट होते. तिचेच, डावा अंगठ्यापाशी फाटलेला, नारिंगी नाड्यांचा. बुटांच्या वर तिचे पाय, पायांच्या वर तिचा छातीवरचा नंबर, आणि त्याच्याही वर, खूप उंच, तिचं तोंड. डाव्या डोळ्याखाली तीळ. ते तोंड तिच्याकडे बघत होतं आणि त्यावर तीच पहिल्या सकाळची किळस होती.

"आला?" सरांचा आवाज आला. गाडी चालूच होती.

"हो सर," तिचा आवाज वरून म्हणाला.

"उचल. गिळ. दोनशे मीटर राहिलेत. चावू नकोस."

हिराईने आईला हाक मारली. कोकराच्या नाकातला चिकटा निघायच्या आधी येतो तसा आवाज निघाला. पण ठकूबाईने तो ओळखला. ती दोरी ओलांडून रस्त्यावर आली, नारळाएवढ्या गुडघ्यांनी, आणि दोघींच्या मध्ये थांबली. तिने वर पाहिलं. तिने खाली पाहिलं. दगड मागे राहिला होता. तिची मूठ ढिली झाली आणि मीठ बोटांमधून डांबरावर सांडू लागलं, आणि डांबरावरची हिराई, नको नको म्हणत, त्या मिठाकडे सरपटू लागली.

कोल्हापूरच्या मुलीची पावलं जवळ आली.

हात खाली आला. उबदार होता. त्याने तिला पाठीवरून धरून उचललं, पहिल्यासारखं चिमटीत नाही, सवयीने, मुठीत. एक अंगठा तिच्या डोळ्यांवर आला, पण नीट बसला नाही. त्याच्या फटीतून तिला उघडलेलं तोंड दिसलं. जिभेच्या पलीकडे, पडवीत बसतात तसे ते ओळीने बसले होते, कानवाले, नखंवाले, वेणीवाली, आणि तिच्यासाठी जागा करायला एकेक करून सरकत होते.